डाव्या हाताची शिकवणी

घुमट पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, नाद कातड्यातून निघतो. कातडे फक्त सुरुवात करून देते. भाजलेल्या मातीचे हे भांडे दोन्ही बाजूंनी उघडे असते. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधलेले, आणि पलीकडचे निमुळत्या गळ्याचे तोंड मोकळे. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात. डावा तळवा त्या मोकळ्या तोंडावर झाकतो, उघडतो, अर्धा सरकतो. भांड्याच्या पोटातली हवा त्या तळव्याच्या हुकमात असते. ती किती सोडायची, कधी अडवायची, यावर घुमट घुमेल की नुसते टकटक करेल हे ठरते. आमची आजी म्हणायची, "उजवो हात विचारता, दावो जाप दिता." जाप म्हणजे उत्तर. कोकणीत बोलणारी आणि आरत्या मराठीत म्हणणारी आमची आजी. गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांची रीत हीच.

डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या बाजूला आमचा गाव. तिथल्या बंद पडलेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या एका खोलीत आम्ही गावातली काही माणसे मुलांना घुमट शिकवतो. रविवारी सकाळी मुले येतात, जमिनीवर बसतात. फी नाही, परीक्षा नाही. गोवा 1961 साली मुक्त झाला, 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी मराठी शाळा उघडल्या, त्यांपैकीच ही एक. माझी मुळाक्षरे इथेच गिरवून झाली. आता गावातली मुले बसने शहरातल्या शाळेत जातात, म्हणून ही खोली रिकामी होती. शाळा गेल्याचे मला दुःख आहे. पण खोलीला कुलूप लागून कौले गळू लागण्यापेक्षा तिथे घुमट वाजावे, हे गावातल्या सगळ्यांना पटले.

आधी घुमटाला वर्ग लागत नसे. मी लहान असताना कुणी कुणाला घुमट 'शिकवले' असे ऐकलेही नव्हते. चवथीच्या दिवसांत रात्री गावातली माणसे घरोघर आरत्यांना जात. माटोळीखाली गणपती, समोर पुरुषांचा घोळका, त्यात घुमटे, दोन बारीक काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि झांजेसारखे कांसाळे. मुले मोठ्यांच्या मांड्यांना टेकून बसत, तिथेच पेंगत आणि तिथेच शिकत. एखाद्या आजोबांचा हात दुखू लागला की ते घुमट शेजारच्या पोराच्या मांडीवर सरकवत. पोर चुकले तर कांसाळेवाला ताल सोडत नसे, आणि त्या तालावर चुकलेला हात आपोआप जागेवर येई. आरती संपली की नेवऱ्या आणि चणे खाऊन घोळका पुढच्या घरी.

माझा हात मात्र त्या घोळक्यात तयार झाला नाही. मुलींनी घुमट घ्यायचे नसे. बायकांसाठी फुगड्या, धालो, घुमट पुरुषांचे. मला शिकवले ते आजीने, मागच्या पडवीत, पावसाळी दुपारी, आजो झोपल्यावर. तिने स्वतः कधी चारचौघांत घुमट हातात धरले नव्हते. पण आयुष्यभर दाराआडून ऐकून तिला सगळे ठेके पाठ होते. कुठल्या आरतीला कुठे लय वाढते, कडवे संपताना घुमटाने कसे थांबायचे, फाग आणि चंद्रावळ यांची चाल कशी वेगळी, हे ती बोटांनी पाटावर वाजवून दाखवायची. घुमट हाती देण्याआधी तिने मला कित्येक दिवस फक्त डावा हात करायला लावला. रिकामे भांडे मांडीवर, त्यावर कातडेही नाही. ती गायची आणि मी तळव्याची उघडझाप करायची. मला कंटाळा येई, मग ती गोष्टी सांगे. घुमटाचा इतिहास मला आधी त्या गोष्टींतून कळला. पुस्तके नंतर आली.

आजीच्या गोष्टीची सुरुवात नेहमी नदीपासून होई. नार्व्याच्या समोर मांडवीत दिवाडी बेट आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ तिथले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेले आणि देव नदी ओलांडून नार्व्याला आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आजही गोकुळाष्टमीला लोक नार्व्याच्या काठावर तीर्थस्नान करतात, समोर मूळ जागा दिसत असते. आमचे घराणे त्याच वाटेने आले, असे आजी सांगे. तिच्या गोष्टीत होडीत देवाची पेटी होती, तुळशीच्या मुळाची माती होती, तांदळाचे बी होते. घुमट होते का, असे मी विचारायची. "मडके कशाला आणतील? वाटेत फुटले असते," ती म्हणायची. "माती ह्या काठालाही होती. हात आणले."

तिच्या गोष्टीत दोन-अडीचशे वर्षे एकाच रात्रीत घडून जात. देऊळ पडायचे, लगेच इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचे धर्मन्यायालय, यायचे, लगेच वाद्यांवर बंदी, आणि पहाटेपर्यंत सगळे नदीपार. पुढे मी अ. का. प्रियोळकरांचे 1961 साली निघालेले 'द गोवा इन्क्विझिशन' वाचले तेव्हा त्या रात्रीचे तुकडे सालवारीने लागले. इन्क्विझिशन 1560 ला आले, मधली काही वर्षे सोडता 1812 पर्यंत राहिले. 1736 चा त्याचा जाहीरनामा त्या पुस्तकात आहे. तो धर्मांतर केलेल्यांच्या घरांत डोकावणारा आहे: लग्नात ओव्या म्हणू नयेत, हिंदू वाजंत्री बोलावू नयेत, अंगणात तुळस ठेवू नये, अमुक नेसू नये. माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली. धर्म बदलून पावणेदोनशे वर्षे झाल्यावरही जाहीरनामा काढावा लागतो, याचा अर्थ त्या घरांतून ओव्या आणि वाद्ये गेलेली नव्हती. गोव्यातल्या काही हिंदू घराण्यांत आजही चवथीला मातीची मूर्ती नसते, कागदावर काढलेल्या गणपतीची पूजा होते. मूर्ती लपवणे अवघड, कागद गुंडाळून ठेवता येतो. जुनी माणसे त्याचे नाते त्याच काळाशी जोडतात.

आमचा डिचोली भाग पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, 'नव्या काबिजादी'त. तोवर त्यांचा धर्मवेडाचा भर ओसरला होता, इथली देवळे राहिली. म्हणून नदीच्या ह्या काठाला घुमट आरतीत वाजत राहिले आणि त्या काठाला, ख्रिस्ती घरांत, ते मांडो या कोकणी गाण्यात वाजू लागले. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या कुडतरी, राय, लोटली अशा गावांच्या मोठ्या ख्रिस्ती घरांत मांडो फुलला, त्याला साथ व्हायोलिनची आणि घुमटाची. व्हायोलिन युरोपातून आले. घुमट कुठेच गेले नव्हते. आणि गोव्यातून जे दक्षिणेला गेले त्यांच्याकडेही ते आहे. उडुपी-बारकूर भागातले कुडुबी आपले मूळ गोव्यात सांगतात आणि शिमग्यात 'गुमटे' वाजवत घरोघर फिरतात. मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती लोकांतही गुमट आहे. हे सगळे मी वर्गात नकाशा टांगून मुलांना दाखवते. पहिल्याच महिन्यात. आपल्या मांडीवरचे भांडे किती लांब पोचले आहे हे कळले की मुले ते वेगळ्या तऱ्हेने धरतात, हा माझा अनुभव आहे.

आजोची गोष्ट मात्र जवळची, त्याने स्वतः भोगलेली. सालाझारच्या राज्यात सभा भरवायला परवानगी लागे, छापायचे ते आधी सेन्सॉरकडे न्यावे लागे, लग्नपत्रिकासुद्धा. मराठी अक्षर शेणैमामाच्या, म्हणजे खासगी शिक्षकाच्या, शाळेत शिकायचे, कुणाच्या तरी पडवीत. आरत्या छापील पुस्तकात नसत, हाताने लिहिलेल्या वह्यांत असत, आणि एका घरची वही दुसऱ्या घरी उतरवून घेतली जाई. म्हणून आमच्या भागात एकाच आरतीची कडवी घरागणिक वेगळी. आजोचा धाकटा भाऊ, आमचा काका, मुंबईला गिरगावात नोकरीला होता. तो दरवर्षी चवथीला यायचा आणि घुमट त्याचेच असे. आजो कांसाळे वाजवायचा. 1955 साली सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने गोव्याची नाकेबंदी केली, जाणे-येणे तुटले. त्या वर्षी काका आला नाही. पुढेही चवथी येत राहिल्या आणि काका आला नाही. आजो सांगायचा, घुमट आढ्याला टांगलेले होते, कुणी काढले नाही. आरत्या नुसत्या कांसाळ्यावर झाल्या. काकाने नंतर सांगितले की गिरगावातल्या खोलीत तो आणि आणखी काही गोवेकर चवथीच्या रात्री जमायचे आणि पाण्याच्या रिकाम्या माठाच्या तोंडावर तळवा मारून आरत्या म्हणायचे. माठाला एकच तोंड, तेव्हा दोन्ही हातांचे काम एकाच तळव्याने करायचे. त्याने ते साधले होते. मुक्तीनंतरच्या पहिल्या चवथीला, 1962 साली, तो घरी आला तेव्हा कातडे वाळून तडकले होते. नवे बांधीपर्यंत धीर नव्हता. त्याने पाण्याचा घडा मागितला आणि त्यावर वाजवले. आजो हे सांगताना हाताने दाखवायचा, तळवा कसा पडला ते.

कातड्याविषयी मुले पहिल्या दिवशीच विचारतात, कारण घरी त्यांनी ऐकलेले असते की खरे घुमट घोरपडीच्या कातड्याचे. खरे आहे, तसेच होते. घोरपडीचे कातडे पातळ, चिवट, पावसाळी हवेतही फारसे न सैलावणारे. त्याचा आवाज टणक आणि लांब जाणारा. त्यासाठी घोरपडी मारल्या गेल्या, हेही तितकेच खरे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला मारणे आणि तिचे कातडे बाळगणे गुन्हा ठरवला. काही जुनी माणसे अजून हळहळतात. मी हळहळत नाही. शेताच्या बांधावर उंदीर, खेकडे आणि सापांची अंडी खाणारा तो प्राणी आमच्या लहानपणी सहज दिसायचा, नंतर दिसेनासा झाला. एखादे वाद्य टिकवण्यासाठी एखादा जीव संपवणे मुलांना शिकवायची माझी तयारी नाही. बकरीच्या कातड्यावर घुमट चांगले वाजते. हे सिद्ध करायला गोव्यातल्या कारागिरांना आणि वादकांना बरीच वर्षे लागली. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले, तेही बकरीच्या कातड्याने ती अडचण दूर केल्यावर.

पण बकरीचे कातडे मेहनत मागते. पाठीच्या कण्याजवळ ते जाड असते, पोटाकडे पातळ. करडाचे मिळाले तर उत्तम. ते भिजवायचे, केस खरवडून काढायचे, ओले असतानाच भांड्याच्या मोठ्या तोंडावर पसरून काठाखाली दोरीचे वेढे घट्ट घ्यायचे आणि सगळीकडून सारखे ओढत सुकू द्यायचे. एका बाजूला सैल राहिले तर आवाज फाटतो. वर्गात प्रत्येक मूल आपले घुमट स्वतः बांधते. दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते जड जाते, वास नको होतो, काहींच्या आया पहिल्यांदा नाके मुरडतात. तरीही ही गोष्ट आम्ही सोडलेली नाही. ज्याने कातडे ओढले आहे त्याला बोट कुठे मारायचे हे सांगावे लागत नाही. मध्यावर आणि काठावर आवाज का बदलतो हे त्याच्या हाताला ठाऊक असते. श्रावणात हवा ओली झाली की घुमटे बसतात, मग चुलीच्या उबेला किंवा उन्हाच्या तुकड्यात ठेवून कातडे तापवायचे. कुठल्या घुमटाला किती ऊब लागते, हे ज्याचे त्याने लक्षात ठेवायचे.

शिकवण्याची रीत आजीचीच. आधी डावा हात. सगळ्या मुलांना शामेळ हवे असते, कारण त्याला काठ्या असतात आणि आवाज लगेच येतो. शामेळ मिळते, पण डावा तळवा बोलू लागल्यावर. मुले डोळे मिटून बसतात, एकाने उजव्या हाताने साधा ठोका द्यायचा, दुसऱ्याने फक्त तळव्याने त्याचे उत्तर बदलायचे. तळवा पूर्ण उघडा, तर मोठा घुमार. ठोका पडताक्षणी झाकला, तर दबका. आधी झाकलेला आणि मग हळूच सरकवला, तर आवाज खालून वर चढतो, आणि हे जमले की मुले हमखास एकमेकांकडे बघून हसतात. ठेके आम्ही फळ्यावर लिहीत नाही. एका पालकांनी कळकळीने सुचवले होते की बोल छापून द्यावेत, मुलांना घरी सराव करता येईल. त्यांची कळकळ मला कळते. पण कागद समोर असला की मूल कागद वाजवते, शेजारच्याला ऐकत नाही. आणि घुमटात ऐकणे हेच अर्धे वाजवणे आहे. आरतीची कडवी मात्र लिहायची, आणि तीही स्वतःच्या घरातल्या वहीतून. या कामामुळे गावात कितीतरी जुन्या वह्या ट्रंकांतून बाहेर आल्या. वाळवीने खाल्लेल्या, मोडीचा हात लागलेल्या, काही ठिकाणी कुणा मुलाने मध्येच पाढे लिहिलेल्या. दोन घरांच्या वह्यांत कडवे वेगळे निघाले तर आम्ही दोन्ही म्हणतो.

वर्गातली मुले एकदा फेरीबोटीने दिवाडीला गेली, एका ख्रिस्ती घरी. घरातल्या आजोबांनी मांडोसाठी घुमट काढले. आमची मुले आरतीत वाजवणारी, त्यांचा हात जोरकस. आजोबांनी त्यांना थांबवले नाही, फक्त म्हणाले, "आतां म्हजें आयक," आणि वाजवू लागले. घरातल्या दोन बायका गात होत्या आणि घुमट त्यांच्या आवाजाच्या खाली, अगदी खाली, चालत होते. मांडो संथ, घुमट वर आले तर शब्द बुडतात. मग जलद लयीचे दुल्पद सुरू झाले तसा त्यांचा हात मोकळा झाला, तरी आवाज कधी गाणाऱ्यांच्या वर गेला नाही. सगळी करामत डाव्या तळव्याची होती. तो जवळजवळ झाकलेलाच राही. परतताना बोटीत मुलांचा वाद चालू होता, आरतीत असे वाजवले तर चालेल का. एक मुलगी म्हणाली, शेवटच्या कडव्यापर्यंत चालेल, मग सोडायचे. पुढच्या रविवारी त्यांनी तसे करून पाहिले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा आरतीचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले.

याच कारणाने मला स्पर्धांविषयी बोलावेसे वाटते. घुमट आरतीच्या स्पर्धांनी गोव्यात मोठे काम केले आहे. त्या नसत्या तर बऱ्याच गावांत घुमटे आढ्यालाच राहिली असती. बायकांची पथके उभी राहिली ती या स्पर्धांमुळे, आणि आजीने दाराआडून ऐकलेले तिच्या वयाच्या बायका आता मंचावर वाजवतात, हे पाहून माझे मन भरून येते. पण स्पर्धेला वेळेची मर्यादा असते, परीक्षकांना चमक दिसावी लागते, आणि लय वर्षागणिक चढत चालली आहे. कडवी गाळली जातात. कुठे थांबायचे हे मुलांना कळेनासे होते, कारण मंचावर थांबणे म्हणजे गुण जाणे. आमची मुले स्पर्धेत उतरतात, आम्ही अडवत नाही. मात्र स्पर्धेची आरती आणि घरची आरती वेगळी असते, हे त्यांना ठाऊक असावे, आणि घरची पूर्ण पाठ असावी, हा आमचा आग्रह आहे. चवथीच्या रात्री घरच्या माणसांना घाई नसते. तिथे एखाद्या आजीला मधले कडवे पुन्हा हवे असते, एखाद्याचा आवाज चढत नाही म्हणून सगळ्यांनी खालच्या पट्टीत यायचे असते. घुमट त्या घरासाठी घडले आहे.

म्हणून गेल्या वर्षीपासून वर्गाचा शेवट मुलांच्या आरत्यांच्या फेरीने होतो. कुठल्या घरी जायचे हे मुलेच ठरवतात. त्यांनी पहिल्यांदा निवडली ती घुमट नसलेली घरे: इथल्या खाणी बंद पडल्यावर कामासाठी बाहेर गेलेल्यांची, वर्षभर बंद राहून दीड दिवसाच्या गणपतीपुरती उघडणारी, आणि जिथे म्हातारे नवरा-बायको दोघेच असतात अशी. एका घरी गेल्यावर आजोबा म्हणाले, हात आता चालत नाही. मुलांनी घुमट त्यांच्या मांडीवर ठेवले, उजव्या हाताचे काम शेजारी बसलेल्या मुलाने केले, डावा तळवा आजोबांचा. कुणाला सांगावे लागले नाही की असे करता येते.

यंदा वर्गात सहा-सात वर्षांची मुले आली आहेत. त्यांचा तळवा मोठ्या घुमटाचे तोंड झाकू शकत नाही, अर्धी हवा बोटांच्या फटींतून निसटते. मी डिचोलीच्या कुंभारांकडे गेले आणि मुलांचे हात कागदावर रेखून नेले. कुंभारांनी ते रेखाटलेले तळवे एकावर एक ठेवून पाहिले, गळा किती आवळावा लागेल याचा अंदाज घेतला आणि म्हणाले, गळा बारीक केला तर पोटही लहान करावे लागेल, नाहीतर हवा वर येणार नाही. आधी दोन घडवतो, वाजवून बघा, मग बाकीची. माती पावसाआधी काढून ठेवायला हवी आणि भांडी उन्हात पुरती वाळली तरच भट्टीत टिकतील, म्हणून त्यांनी मे महिना सांगितला आहे. करडाची कातडी तोवर आम्हाला जमवायची आहेत.